सर्वसाधारण दर

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. माझी मराठी पुस्तकातून कमी आणि घरातून, आजोळातून जास्त आली. त्यामुळे या लेखात अलंकार वगैरे शोधू नका. आणि विषयही ललित लेखाचा नाहीच. विषय आहे भाव! मनातला नव्हे, बाजारातला.

आपल्या कॉलेजात सध्या दोन प्रकारची मंडळी आहेत. सकाळी सव्वानऊला फळ्याकडे बघणारी आणि सव्वानऊला बाकाखाली मोबाईलकडे बघणारी. लेडीज हॉस्टेलही यात मागे नाही बरं का! मी राहते जुळे सोलापूरला, पण सबमिशनच्या दिवसांत माझा अर्धा मुक्काम मैत्रिणींच्या रूमवरच असतो. तिथे मेसच्या भाजीइतकीच चर्चा 'लेव्हल'ची चालते. "निफ्टी लेव्हलला आलाय", "लेव्हल तुटली", "लेव्हलवरून उचलला". ही लेव्हल येते कुठून असं विचारलं की उत्तर मिळतं, "चार्टवर दिसते ना!" मला हे काही पटेना. रेघ काय, कुठेही ओढता येते.

एरवी मी हा विषय सोडून दिला असता. परंतु गेल्या हिवाळ्यात तो आमच्या घरातच येऊन बसला, तोही मामांच्या कांद्याच्या पैशासकट.

मामांची शेती मंद्रूपच्या पुढे. कांदा विकायचा तो सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर मार्केट यार्डात. गाडी विजापूर रोडनेच येते, त्यामुळे रात्री आमच्याकडे जेवण आणि दोन तास पाठ टेकणं ठरलेलं. यंदा कांद्याचे पैसे हातात आले आणि मामेभाऊ म्हणाला, हे आपण डे ट्रेडिंगला लावू, मला लेव्हल काढता येतात. मामांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू इंजिनियरिंगला हाईस. ह्ये लेव्हल म्हंजे काय असतंय बघून सांग. गड्ड्याची जत्रा होईपर्यंत पैसं हलवत नाही."

झालं! सेमिस्टरच्या अभ्यासात हा एक जादा विषय येऊन पडला, आणि याला एटीकेटीची सोय नव्हती.

शोधता शोधता मला एक पद्धत सापडली, मार्केट प्रोफाइल. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड हा १८४८ साली धान्याच्या व्यापारासाठी सुरू झालेला बाजार. तिथले एक व्यापारी पीटर स्टाइडलमायर यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली. कल्पना अगदी साधी आहे. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक अक्षर द्यायचं. आपल्याकडे सव्वानऊ ते पावणेदहा 'ए', पावणेदहा ते सव्वादहा 'बी', असं पुढे. त्या अर्ध्या तासात भाव जिथे जिथे जाऊन आला, त्या प्रत्येक भावापुढे ते अक्षर एकदा लिहायचं. संध्याकाळी बघावं तर काही भावांपुढे अक्षरांची लांबलचक रांग, काहींपुढे एकच अक्षर. (केजीत गिरवलेली एबीसीडी अशी कामाला येईल असं आमच्या सिस्टरनाही वाटलं नसेल!) जिथे रांग सर्वांत लांब तो 'पॉइंट ऑफ कंट्रोल'. त्याच्या वर-खाली जिथे दिवसाचा साधारण ७० टक्के कारभार झाला तो 'व्हॅल्यू एरिया'. अक्षरांऐवजी प्रत्येक भावाला किती नग विकले गेले ते मोजलं, तर त्याला व्हॉल्यूम प्रोफाइल म्हणतात.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, हे कुठेतरी पाहिलंय. आणि मग आठवलं, पेपरातले बाजारभाव! आवक, किमान दर, कमाल दर आणि शेवटी सर्वसाधारण दर. लहानपणापासून मामांना बघतेय, ते पहिले दोन आकडे वाचतच नाहीत. डोळा थेट शेवटच्या रकान्यावर.

मामा पुढच्या खेपेला आले तेव्हा जर्नलच्या कोऱ्या पानावर त्यांना एक उदाहरण काढून दाखवलं. समजा, यार्डात सकाळचे दोन तास लिलाव झाला आणि हजार पिशव्या गेल्या. क्विंटलचे दर असे :

२६०० रुपये – ए – २ पिशव्या
१४०० रुपये – ए, बी – १५० पिशव्या
१२०० रुपये – ए, बी, सी, डी – ४२० पिशव्या
१००० रुपये – बी, सी, डी – ३०० पिशव्या
८०० रुपये – सी – १२८ पिशव्या

"आता सांगा मामा, आजचा भाव काय?"

मामांनी एक सेकंदही घेतला नाही. "बाराशे."

"आणि सव्वीसशे?"

"त्यो पेपरात मोठ्या अक्षरात छापायचा भाव. दोन पिशव्यांचा. त्यो ऐकून माणूस घरनं गाडी भरून निघतोय आन् संध्याकाळी हजारानं इकून जातोय."

स्टाइडलमायर साहेबांचं अर्धं पुस्तक मामांनी दोन वाक्यांत संपवलं होतं. या उदाहरणात बाराशे हा पॉइंट ऑफ कंट्रोल. बाराशे आणि हजार मिळून ७२० पिशव्या, म्हणजे ७२ टक्के, तो झाला व्हॅल्यू एरिया. सव्वीसशेला एकच अक्षर आहे. भाव तिथे गेला, पण थांबला नाही. थांबला नाही म्हणजे लोकांना तो मान्य झाला नाही. लेव्हल म्हणजे माझ्या मते एवढंच : जिथे माणसं थांबली आणि जिथून माणसं पळाली, त्या जागा.

मामांनी एक शंका मात्र अशी काढली की मी गप्पच झाले. म्हणाले, "कांदा कांदा सारखा नसतोय पोरी. सव्वीसशेचा माल एक नंबर असंल, आठशेचा भिजलेला." बरोबर आहे! यार्डातल्या दरांच्या फरकात मालाचा फरक मिसळलेला असतो. शेअरचं तसं नाही. एका कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच. तिथे दरात जो फरक पडतो तो फक्त माणसांच्या मतांचा आणि गरजेचा. म्हणून शेअरबाजारात हा आलेख जास्त स्वच्छ वाचता येतो.

आता वेळ आणि उलाढाल यांच्याविषयी. आमच्या भागाचं नावच जुळे, तेव्हा या दोन जुळ्या बहिणींमध्ये माझा तरी गोंधळ व्हायला नको! दिसायला सारख्या असल्या तरी त्या एक नव्हेत. समजा त्याच लिलावात परराज्यातला एक मोठा व्यापारी आला आणि पाच मिनिटांत १४०० च्या दराने आणखी ५०० पिशव्या उचलून गेला. पिशव्या मोजल्या तर आता १४०० चं पारडं जड, ६५० पिशव्या. पण वेळ मोजला तर बाराशेच पुढे, कारण चारही अर्ध्या तासांत भाव तिथे होता. वेळ सांगते की गर्दीला कुठला भाव पटला. उलाढाल सांगते की पैसा कुठे उतरला. दोन्ही एकाच भावाकडे बोट दाखवत असतील तर ती लेव्हल भक्कम. वेगवेगळीकडे दाखवत असतील तर थांबून विचार करायचा, हा एकट्या बड्या गिऱ्हाइकाचा भाव आहे की सगळ्यांचा?

डे ट्रेडिंगवाले याचा उपयोग असा करतात. कालच्या व्हॅल्यू एरियाची वरची कड, खालची कड आणि पॉइंट ऑफ कंट्रोल अशा तीन रेघा आजच्या चार्टवर ओढायच्या. बाजार या पट्ट्याच्या आत उघडला तर बहुधा दोन कडांमध्ये हेलपाटे घालेल, असा अंदाज बांधायचा. बाहेर उघडला तर घाई न करता पहिला तासभर, म्हणजे 'ए' आणि 'बी', बघायचं. तो बाहेरच रमला, उलाढालही वाढली, तर लोकांनी नवा भाव स्वीकारला. परत आत शिरून तिथेच राहिला, तर बाहेरचा भाव सव्वीसशेच्या कांद्यासारखा. आणखी एक बारकावा म्हणजे निफ्टी हा निर्देशांक आहे, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही. म्हणून उलाढाल बघायची ती निफ्टी फ्युचर्सची. हे आमच्या रूमवरच्या लेव्हलवाल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं!

हे सगळं मी एक रुपयाही न लावता वहीत उतरवत होते. आदल्या दिवशीच्या तीन रेघा, आजचा भाव, बाजूला शेरा. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा भाव त्या रेघांपाशी येऊन खरंच अडखळायचा. अंगावर काटा यायचा. वाटायचं, दादा बरोबर बोलतोय. तथापि, अडखळल्यावर तो वर जाईल की खाली, हे रेघ कधीच सांगत नव्हती. एम-३ मध्ये आपण मीन, मीडियन, मोड शिकतो. मोड म्हणजे आत्तापर्यंत सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा. पुढचा आकडा तोच येईल असं कुठल्याही सरांनी आपल्याला सांगितलेलं नाही.

मग सेबीचे अहवाल काढून बसले. जुलै २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात कॅश बाजारात इन्ट्राडे करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ७ जणांना निव्वळ तोटा झाला. तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के. आणि या धंद्यात तिशीच्या आतले किती? २०१८-१९ मध्ये १८ टक्के, २०२२-२३ मध्ये ४८ टक्के. म्हणजे आपणच की! सप्टेंबर २०२४ चा दुसरा अभ्यास फ्युचर्स-ऑप्शन्सचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. या सगळ्यांना काय लेव्हल काढता येत नव्हत्या?

एक आकडा तर मला झोपू देईना. इन्ट्राडेत तोटा झालेल्यांचा ब्रोकरेज, कर वगैरे खर्च त्यांच्या तोट्याच्या ५७ टक्के इतका होता, तोट्याच्या वर! मामांना हे समजवायला मला काही कष्ट पडले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात आला दोन रुपयांचा चेक. ती बातमी देशभर गाजली होती. आमच्याकडे ती बातमी म्हणून कुणी वाचली नाही, आपल्याच घरातली गोष्ट म्हणून वाचली. भाव बरोबर ओळखला तरी मधला खर्च माणसाला खातो, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

गड्ड्याची जत्रा झाली. मामा आले, दादाही बरोबर होता. मी वही पुढे ठेवली आणि जे वाटलं ते सांगितलं. लेव्हल खोट्या नाहीत. दादाला त्या नीट काढताही येतात. पण त्या कालच्या लोकांनी कालच्या भावावर केलेली सही आहेत, उद्याची हमी नाहीत. बघायला शिकावं, पण पुढच्या हंगामाच्या बियाण्याचे पैसे त्यावर लावू नयेत.

दादा म्हणाला, "तुला काय, तुझी फी भरणारे आहेत." मला उत्तर सुचलं नाही, आणि तो पूर्ण चुकीचं बोलला असंही मला वाटत नाही. चार एकरात राबून हातात काही उरत नाही हे बघणाऱ्या पोराला मोबाईलमधला हिरवा आकडा का खुणावतो, हे मी जुळे सोलापुरातल्या गच्चीवर बसून पूर्ण समजू शकत नाही. मामांनी खिशातून कांद्याची पट्टी काढली, वहीच्या पानात ठेवली आणि म्हणाले, "ही पट्टी विकल्यावर मिळती. आधी कुणी देत नाही." त्या पैशातून ठिबक झालं. दादा माझ्याशी अजून मोजकंच बोलतो. माझी वही मात्र मागून घेऊन गेलाय, आणि परत करायचं नाव नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, लेव्हल जरूर काढा. बाजार म्हणजे माणसांची गर्दी कशी वागते ते यातून छान कळतं, आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपरही सोपा जातो हा बोनस! फक्त दोन गोष्टी करा. रूममधलं कोणी आपला नफा सांगायला लागलं की तो कमाल दर समजा, आणि सर्वसाधारण दर काय ते विचारा. आणि निदान एक सेमिस्टर वहीतच ट्रेडिंग करा. वही चाळीस रुपयांना येते. मेसचं बिल आणि परीक्षेची फी त्यापेक्षा बरीच जास्त असते.