कॉफीच्या यंत्राविषयी भाच्यास पत्र

साजगाव, ता. खालापूर
कार्तिक वद्य त्रयोदशी

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वेळेवर पोचले. उत्तरास दिरंगाई झाली ती यात्रेमुळे. बोंबल्या विठोबाची यात्रा भरली की सुक्या मासळीच्या वासाने आणि आल्यागेल्या पाहुण्यांनी आपले गाव कसे गजबजून जाते, हे तू लहानपणी पाहिलेच आहेस. आज दुपारी थोडी उसंत मिळाली, तेव्हा तुझा प्रश्न समोर घेऊन बसलो आहे.

खोलीचे भाडे, खाणावळ आणि आईला दरमहा पाठवायची रक्कम वजा जाता जे उरते त्यातून तू सात हजार रुपये बाजूला टाकलेस, आणि त्या रकमेत एस्प्रेसो करणारे कोणते यंत्र घ्यावे असे विचारतोस. हे पैसे तू किती महिन्यांत साठवले असशील याचा अंदाज मला आहे, म्हणूनच जे वाटते ते स्पष्ट लिहितो: या रकमेत ते यंत्र घेऊ नकोस.

एस्प्रेसो म्हणजे केवळ दाट कॉफी नव्हे. अतिशय बारीक दळलेल्या आणि दाबून बसवलेल्या पुडीतून सुमारे ९० ते ९५ अंश उष्णतेचे पाणी, वातावरणाच्या दाबाच्या नऊपट दाबाने, पंचवीस-तीस सेकंदांत पार व्हावे लागते. हा दाब साधण्यासाठी मिलानच्या आकिले गाज्जिया यांना १९३८ साली पेटंट घेऊन पुढे महायुद्धानंतर तरफेचे यंत्र बाजारात आणावे लागले. आज स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर ‘१५ बार’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, परंतु तो पंपाच्या कमाल सामर्थ्याचा आकडा आहे. पुडीपर्यंत पोचणारा दाब आणि पाण्याची उष्णता स्थिर राहील याची हमी त्यात नाही. शिवाय अशा बहुतेक यंत्रांच्या गाळणीला दुहेरी तळ असून त्यातल्या एकाच बारीक छिद्रातून कॉफी फवाऱ्यासारखी बाहेर पडते, त्यामुळे पूड जाडीभरडी असो वा शिळी असो, वर फेस येतोच, आणि नवख्या माणसाला तो फेस म्हणजेच गुण वाटतो.

त्याहून स्वस्त, बिनपंपाची, केवळ वाफेवर चालणारी यंत्रे असतात. तसले एक मी स्वतः मुंबईच्या एका दुकानातून आणले होते. कॉफी करपट व्हायची ती व्हायचीच; पण दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे वायसर कडक होऊन वाफ कडेने निसटू लागली, त्या मापाचे वायसर खोपोलीत मिळेना, आणि आषाढात वीज गेली की यंत्र असून नसल्यासारखे. ज्या खोपोलीतल्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईला वीज पुरवली, त्याच्या शेजारी राहून मी हे लिहितो आहे.

तेव्हा पैसा कोठे घालावा? दळणीवर. कॉफीचा गंध बीमध्ये टिकतो. पूड केली की तो झपाट्याने उडू लागतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पुडीचा लगदा व्हायला फार काळ लागत नाही. घरच्या मिक्सरच्या पात्याने बी दळली जात नाही, फुटते: काही कण पिठासारखे, काही रव्यासारखे. पिठातून कडूपणा अधिक उतरतो, रव्यातून पुरता अर्कच उतरत नाही, आणि त्या दोहोंचे एका पेल्यात कधीच पटत नाही. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडणारी, जाडी कमीजास्त करता येणारी हातदळणी घे. रकमेचा निम्मा भाग त्यात गेला तरी वाईट वाटून घेऊ नकोस. पुढे मिळकत वाढून तू खरे यंत्र घेशील, तेव्हाही चांगली दळणी वाया जाणार नाही.

राहिले कॉफी उतरवण्याचे पात्र. आल्फोन्सो बियालेत्ती यांचे १९३३ सालचे मोका पात्र मला प्रिय आहे. मंद आचेवर ठेवून वरच्या भागात खळखळ सुरू होताच उतरवले, तर फार खणखणीत कॉफी देते. परंतु तुझ्या खोलीत इंडक्शनची शेगडी आहे आणि त्यावर अॅल्युमिनियमचे पात्र तापत नाही. म्हणून माझी शिफारस दाक्षिणात्य फिल्टरची. वरच्या सच्छिद्र डब्यात पूड, तिच्यावर दांडीची चकती, त्यावर उकळते पाणी. झाकण ठेवून स्नान उरकावे, तोवर खाली दाट अर्क जमतो. त्याला वीज लागत नाही, त्यात बिघडण्यासारखे काही नाही, आणि स्टीलचा घेतलास तर हजाराच्या आत काम भागते. ही कॉफी दुकानातल्या एस्प्रेसोची नक्कल होणार नाही; तिची स्वतंत्र चव आहे आणि ती कोणाहून उणी नाही.

आपल्या घरांत कॉफी म्हणजे जायफळ घातलेले गोड दूध, अशीच समजूत दीर्घकाळ होती. मुंबईत पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या पोलसनच्या कॉफीत चिकोरी असे, आणि आमच्या आजीच्या पिढीने तीच खरी कॉफी मानली. ती चव मला अजूनही हवीशी वाटते, तरीही तू आरंभी चिकोरीविरहित बी घ्यावीस, म्हणजे मूळ पदार्थ काय आहे हे जिभेला कळेल. दादरला उतरून माटुंग्याला जा. तिथे दाक्षिणात्य वस्तीमुळे बी भाजून देणारी जुनी दुकाने आहेत. पाव किलोच घे, भाजल्याची तारीख विचारून घे, आणि ती संपेपर्यंत दुसरी आणू नकोस.

फिल्टर मात्र विकत घेऊ नकोस. आपल्याकडे दोन आहेत. त्यांतल्या पितळी फिल्टरला मी नुकतीच कल्हई करून घेतली आहे, तो तुझा. पुढच्या रविवारी येताना फक्त दळणी घेऊन ये.

तुझा,
मामा