साउंडबॉक्स

लिंबायतच्या आमच्या खोलीत आजोबांचा ग्रामोफोन कपाटावर धूळ खात होता. पप्पा म्हणाले, "भंगारात दे." मी आधी साउंडबॉक्स उघडला. अभ्रकाची चकती शाबूत होती. पण कडेचं रबर दगडासारखं कडक झालेलं, त्यामुळे आवाज फाटायचा. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कापून बसवली. स्प्रिंगला नवं ग्रीस दिलं. सुईही नवी, कारण झिजलेली सुई रेकॉर्ड खरवडते. चावी भरली. मिनिटाला ७८ फेरे घेत हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड फिरू लागली.

तीस वर्षं लूमवर काढलेल्या पप्पांना कमी ऐकू येतं. त्यांनी कर्ण्यावर तळवा टेकवला. म्हणाले, "मिस्साहून आलं की बाबा हीच लावायचे."

आता दर रविवारी तेच विचारतात, "सुई बदललीस ना?"