बाण बंद करा आणि सेमाडोहला चला!

दोस्तांनो, परतवाडा सोडलं की धारणीकडे जाणारा रस्ता गाविलगडच्या डोंगरात शिरतो. वळणं वाढतात, सागाचं रान लागतं आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलची रेंज गायब होते. नकाशा दाखवणारा फोन मुकाट्याने खिशात जातो. या वाटेवर, सिपना नदीच्या काठी, मेळघाटच्या जंगलात सेमाडोह आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीच्या नावातच जंगलाची खूण!

आता जरा तुमच्या व्हिडिओ गेमकडे वळू. (आईबाबा, रागावू नका, मुद्दा जंगलाचाच आहे.) २००२ साली आलेल्या 'मॉरोविंड' या खेळात कुठं जायचं ते लोकांना विचारावं लागे. पूल ओलांड, मग खडकापाशी वळ, असं कुणीतरी सांगायचं आणि तो खडक आपण शोधायचा. २००६ साली त्याच मालिकेतला 'ऑब्लिव्हियन' आला. त्यात पडद्यावर होकायंत्र आणि त्यावर खूण. खुणेकडे धावा, पोचा, संपलं! वाटेत काय होतं विचारलं तर आठवत नाही. म्हणून कितीतरी खेळाडू तो बाण मुद्दाम बंद करून खेळतात. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'त तर तशी सोयच आहे. जागा कुठल्या भागात आहे तेवढं कळतं, बाकी शोध तुमचा. गंमत म्हणजे काही खेळांत बाण बंद केला की आपण अडकूनच पडतो. कारण बाण आहेच म्हटल्यावर बनवणाऱ्यांनी पत्ता सांगणारं कुणी ठेवलेलंच नसतं.

जंगलात मात्र सांगणारे पुष्कळ. परवानगी काढून, वाटाड्याला सोबत घेऊनच आत जायचं, हे आधीच सांगून ठेवतो. मग धुळीच्या वाटेवर वाघाचा माग दिसला तर थांबून नीट बघा. नराच्या पंजाचा ठसा साधारण चौकोनात बसतो, मादीचा लांबट असतो. झाडाच्या शेंड्यावरचं वानर 'खॉक खॉक' ओरडलं की त्याची नजर कुठं लागली आहे ते पाहा. चितळाने साथ दिली, तर जवळपास काहीतरी आहे खास! सागाचं कोवळं पान हातावर चोळलंत तर तळवा लाल होईल. या खुणा 'इकडे जा' म्हणत नाहीत, त्या एकमेकींशी जुळवाव्या लागतात. वाघ दिसेलच असं नाही बरं का.

आणि बाण चुकीचा असला तर? तसं खरंच घडलंय. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच मिळेना. फक्त मायनर्टझागेन नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवल्याची नोंद होती. ती चिठ्ठी खरी धरून मोठमोठ्या पक्षितज्ज्ञांनी तिकडे शोध घेतला. हाती काहीच नाही! पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तो नमुनाच तपासला. तो जुना, संग्रहालयातून चोरलेला होता, आणि चिठ्ठी खोटी. मग त्यांनी खोटा पत्ता बाजूला ठेवला, एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नोंदी धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा समोर बसलेला! तब्बल ११३ वर्षांनी.

नंतर तो आपल्या मेळघाटातही सापडला. तेव्हा सेमाडोहला गेलात तर सकाळीच बाहेर पडा, कारण हे घुबड दिवसाही हिंडतं. गावाकडचा साधा पिंगळा दिसला तर त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. दुर्बीण असेल तर आधी डोकंच बघा.