रहमतच्या मुलीचं नाव

मी मूळचा मराठीचा शिक्षक. गोंदिया जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, गरज पडली तर उर्दूचाही तास घेतो. काही वर्षांपूर्वी इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि नववीचा इंग्रजीचा तास माझ्याकडे आला. नवीन शिक्षक येईपर्यंत, असं सांगण्यात आलं होतं. वर्ष माझ्याकडेच गेलं.

इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याच्या शेवटी 'पर्सनल रिस्पॉन्स'चा प्रश्न असतो. मराठीच्या पेपरात आपण ज्याला स्वमत म्हणतो, तेच. २ गुणांचा प्रश्न. मत स्वतःचं हवं, पण उत्तर मात्र गाईडमधलं येतं. अख्ख्या वर्गाचं मत एकच. ही गोष्ट मला आवडली कारण तिच्यातून चांगला बोध मिळतो. गोष्ट कोणतीही असो, वाक्य हेच.

म्हणून डिसेंबरात मी पुस्तकाबाहेरची गोष्ट घेतली. रवींद्रनाथ टागोरांची 'काबुलीवाला'. मूळ बंगाली, १८९२ सालची. इंग्रजी अनुवादाच्या झेरॉक्स काढल्या आणि चार तास वाचत बसलो. मुलांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना १९६१ च्या सिनेमातला बलराज साहनींचा काबुलीवाला आठवत होता. मुलांना काहीच माहीत नव्हतं. ते बरंच झालं.

गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रहमत हा अफगाण फेरीवाला कोलकात्यात सुकामेवा विकतो. पाच वर्षांच्या मिनीशी त्याची गट्टी जमते. उधारीच्या भांडणात तो एकाला भोसकतो आणि तुरुंगात जातो. सुटून येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. त्याच्या अंगरख्यात एक चुरगळलेला कागद असतो, त्यावर गावाकडच्या त्याच्या मुलीच्या हाताचा ठसा. मिनीचे वडील रोषणाई आणि बँडचा खर्च कमी करतात आणि ते पैसे त्याला घरी जायला देतात.

मधे मिनीच्या आईची भीती आहे. हा परका पठाण आपली मुलगी पळवून नेईल, असं तिला सारखं वाटतं. मी प्रश्न दिला, 'आईचं चुकलं का? तुमचं मत लिहा.'

त्याआधी एका मुलाने हात वर केला. "सर, रहमत पठान है ना? फिर उसकी बेटी का नाम पार्बती कैसे?"

खरंच, अनुवादात ठशाचा उल्लेख येतो तिथे 'छोटी पार्बती' असं आहे. मी दोनदा वाचलं आणि ठोकून दिलं, "छपाईची चूक असेल."

संध्याकाळी घरी वह्या तपासायला घेतल्या. बहुतेकांनी लिहिलं होतं की आईचं बरोबर आहे, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नये. एका मुलीचं उत्तर वेगळं होतं. तिची परवानगी घेतलेली नाही, म्हणून तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचं इंग्रजी मोडकं होतं. मतलब असा होता: माझे अब्बू मोटारसायकलवर चादरी बांधून देवरी, सालेकसाकडच्या गावांत फिरतात. मी पाचवीत होते तेव्हा मुलं पळवणारे आले आहेत असे मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर येत होते. अम्मीने अब्बूंना बरेच दिवस घराबाहेर जाऊ दिलं नाही. घरात पैसे नव्हते. पण अम्मी माझ्या लहान भावालाही सांगते की अनोळखी माणसाशी बोलू नको. मग मिनीच्या आईचं चुकलं असं मी कसं म्हणू?

मी लाल पेनाने लिहिलं, 'विषयांतर.' २ पैकी १.

वही मिटली आणि मग हिशेब लागला. ती पाचवीत होती ते वर्ष २०१८. त्या वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची ही भटकी माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी समजून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या बातमीनंतर या मुलीच्या घरी काय वातावरण असेल? तिच्या घरात मिनीची आई होती आणि रहमतही होता. प्रश्न मी विचारला होता तेवढाच तिने लिहिला होता. विषय सोडला होता तो मी.

त्याच रात्री पार्बतीचाही शोध घेतला. छपाईची चूक नव्हती. पार्वती म्हणजे पर्वताची कन्या. डोंगरात राहणाऱ्या त्या पोरीला लेखकाने मायेने ते म्हटलं आहे. तिचं खरं नाव गोष्टीत कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी पार्बतीबद्दलची माझी चूक कबूल केली. मग त्या मुलीची वही मागून घेतली, 'विषयांतर' खोडलं आणि १ चे २ केले. तिला विचारलं, वाचून दाखवशील? ती नको म्हणाली. मी आग्रह केला नाही.

तास संपता संपता ती बसल्या जागेवरून बोलली. "सर, मिनी के अब्बू ने पैसे दिए, पर बच्ची का नाम नहीं पूछा. हमारे अब्बू को भी गाँव में सब चादरवाला ही बोलते."

वर्गात कुणीच काही बोललं नाही. घंटा झाली.

तेव्हापासून स्वमताचं उत्तर मी मुलांना आधी उर्दूत लिहायला लावतो. जे म्हणायचं ते आपल्या जबानीत म्हणून झालं की मग इंग्रजीत आणायचं. गाईडची वाक्यं सगळी गेली असं नाही, पण आता कुणाची आजी, कुणाचं भाताचं शेत, कुणाच्या घरच्या बिड्या उत्तरात येतात. स्पेलिंग चुकतं. ते दुरुस्त करता येतं.

आमच्या दारी दर हिवाळ्यात एक काश्मिरी शालवाला येतो. दहा वर्षं तरी झाली असतील. घासाघीस होते, चहा होतो, बायको त्याच्या मुलांची विचारपूस करते. त्या जानेवारीत तो आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि हसून माझं विचारलं. इतकी वर्षं तोही मला 'मास्टरजी'च म्हणत होता.