शिरक्यावरची साय

दुधावर साय धरली की आपण सुखावतो. शिरक्यावर धरली की बरणीच मोरीत उपडी करतो. सायीसायींत केवढा हा पंक्तिभेद!

१८८६ साली एड्रियन ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो बुळबुळीत थर तपासला, तेव्हा ते निघाले सेल्युलोज. कापसाच्या सुतात असते तेच! डोळ्यांना न दिसणारे जंतू साखर खाऊन हे तंतू काततात. ना चरखा, ना कपाशीचे शेत! फिलिपाइन्समध्ये तर नारळाच्या पाण्यावर ही साय धरतात आणि 'नाता दे कोको' म्हणून पाकात घालून खातात.

मी पडलो मराठीचा मास्तर. मला हिचा निराळाच गुण भावला. लहानपणी आईचा हात स्टोव्हने भाजला होता. जखमेला चिकटलेली पट्टी सोडवताना ती ओठ आवळून बसे. आम्ही भावंडे माजघरात कान झाकून घेत असू. जंतू धुऊन काढलेली ही ओली साय भाजल्या जागी ठेवली, तर जखम ओलसर राहते आणि पट्टी काढताना यातना कमी होतात.

जंतू म्हणजे वैरी, एवढेच आपण घोकत आलो. त्या वैऱ्यांच्या गर्दीत एक विणकर निमूट सूत काढीत बसला होता. आईच्या वेळी तो आमच्या दारी आला नाही, एवढीच रुखरुख.