'सर्वानुमते मंजूर' लिहिण्याआधी

संपादकांनी विषय दिला तो असा : गावातली माणसं ग्रामसभेला का येत नाहीत? शहरातल्या वाचकाला समजेल असं लिहा, कलमं आणि नियम शक्यतो टाळा, अशी सूचनाही केली. सूचना पाळायचा प्रयत्न करीन, प्रश्न मात्र मला जसाच्या तसा मान्य नाही. पंचायत समितीत विस्तार अधिकारी असताना ग्रामपंचायतींची दप्तर तपासणी हे माझं मुख्य काम होतं. निवृत्तीनंतर नव्याने निवडून आलेल्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षणांना जाते. ग्रामसभेची इतिवृत्तं मी जितकी वाचली तितकं आयुष्यात दुसरं काही वाचलं नसेल. गावात त्यांना प्रोसिडिंग म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. त्या वाचनातून माझं मत असं बनलं की आलेल्या माणसांचं बोलणं प्रोसिडिंगात उतरत नाही, तिथून दुखणं सुरू होतं. एकदा, दोनदा बोलून पाहिलेला माणूस तिसऱ्यांदा शेतावर निघून जातो. त्याला उदासीन म्हणणं अन्यायाचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य आणि सरपंच. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण. तिला कोणी निवडून देत नाही आणि तिची मुदत कधी संपत नाही. बातम्यांमध्ये या दोन्ही शब्दांची सर्रास अदलाबदल होते आणि शिकलेली माणसंही ती बिनदिक्कत करतात, याचा मला मनस्वी त्रास होतो. 1993 साली 73वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा राज्यघटनेने ग्रामसभेची व्याख्या केली, पण तिला अधिकार किती द्यायचे हे राज्यांवर सोपवलं. आपल्याकडे ते 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहेत. वर्षात किमान चार सभा, गावाच्या विकास आराखड्याला मान्यता, योजनांच्या लाभार्थ्यांची निवड, खर्चाचा हिशेब. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या सभांच्या रूढ तारखा. झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या सभामंडपात सभा बसते. हा अधिकार नावापुरता नाही. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात खाण काढायची का, हा प्रश्न 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवायला लावला. बारा गावांच्या सभा झाल्या, बाराही सभांनी नकार दिला.

आता कोरम. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण या एका नियमावरून मी सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडले आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी माणसं सभेला हवीत, असा नियम आहे. 500 मतदारांच्या गावात 75 लागतात. 2,400 मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 360 होतात, पण 100 पुरतात. 10,000 मतदारांच्या गावातही 100च पुरतात, म्हणजे शेकडा एक. गाव जितकं मोठं तितका निर्णय थोड्या लोकांच्या हातात जातो. शंभरही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. ज्यांना गावाला बरोबर न घेता काम उरकायचं असतं त्यांना ही वाट चांगली ठाऊक असते. पहिली सभा पडू द्यायची, तहकूब सभेला आपली माणसं बसवायची.

सहकारी म्हणत, कोरम कडक केलात तर एकही आराखडा वेळेत मंजूर होणार नाही. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बीडकडच्या कितीतरी गावांतली माणसं 26 जानेवारीला ऊसतोडीच्या फडात असतात. त्या दिवशी गावात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच उरलेली मी पाहिली आहेत. अशा गावाकडून 15 टक्के हजेरी मागायची तरी कशी? पण मग ज्यांचं गाव आहे ते परत आल्यावर सभा का घेऊ नये? तारखा रूढ आहेत, आपण त्यांना अटळ करून ठेवलं आहे.

याच राज्यात दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान होतं तेव्हा हिशेब कसा होतो, ते शेजारी ठेवून बघा. किमान 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि हे निम्मे मतदानाला आलेल्या बायकांचे धरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांचे धरतात. बाळंतपणाला माहेरी गेलेली, कारखान्यावर गेलेली, अंथरुणाला खिळलेली, मरून गेली तरी यादीत नाव राहिलेली, अशा सगळ्या जणी दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. म्हणजे ग्रामसभेला न आलेली बाई ठरावाला राजी आहे असं धरायचं, आणि बाटलीच्या मतदानाला न आलेली बाई दुकानाला राजी आहे असं धरायचं. दोन्हीकडे तिचं न येणं ज्याच्या हातात आधीपासून काही आहे त्याच्याच पदरात पडतं. माझं म्हणणं इतकंच होतं आणि अजूनही आहे : रोजचे विषय तहकूब सभेत खुशाल घ्या, पण गायरान जमीन आणि लाभार्थ्यांच्या याद्या तरी तिथे घेऊ नका. या म्हणण्याला एकाही वरिष्ठाने विरोध केला नाही. कोणी ते पुढेही नेलं नाही.

अलीकडचं एक प्रकरण मनातून जात नाही. गावाचं नाव देत नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिचं प्रोसिडिंग मुख्य सभेपुढे ठेवायचं असतं. तिथली शिफारस ग्रामसभेला पटली नाही तर ती का पटली नाही याची कारणं लिहावी लागतात. माझ्या मते सबंध अधिनियमात बायकांच्या हातात इतकी धारदार तरतूद दुसरी नाही, आणि सरपंचांपासून पत्रकारांपर्यंत फार थोड्यांना ती ठाऊक असते. या गावात महिलांची सभा झाली. गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत पाण्याची लाइन न्यावी अशी त्यांनी शिफारस केली. पैशाचा प्रश्न नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. मुख्य सभेत काही जणींनी उभं राहून हाच मुद्दा मांडला. पेव्हिंग ब्लॉकचं काम आधी घ्यायला त्यांनी विरोधही केला.

काही महिन्यांनी त्या माहिती अधिकारात मिळालेली प्रोसिडिंगची नक्कल घेऊन माझ्याकडे आल्या. महिला सभेबद्दल एक ओळ होती : नोंद घेण्यात आली. कारणं नव्हती. पेव्हिंग ब्लॉकच्या ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. विरोध केलेल्या सगळ्या जणींच्या सह्या हजेरीत होत्या. सह्या दाराशी बसताना घेतात, ठराव सभेनंतर लिहितात. त्यामुळे ज्यांनी विरोध केला त्याच या सर्वानुमताच्या साक्षीदार ठरल्या होत्या. त्यांच्यातली एक वयस्क बाई नकलेवरच्या आपल्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, "ही माझीच सही हाय. मग मी बोलले ते कुठं गेलं?"

मी त्या ग्रामसेवकाला खलनायक ठरवणार नाही. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दोन-तीन गावं एकाच्या गळ्यात, डझनभर नोंदवह्या, वरून रोज नवं ॲप, आणि समोर सरपंचाचे यजमान सांगताहेत की असं लिहा. विरोध लिहिला तर उद्या चौकशी लागते, 'सर्वानुमते' लिहिलं तर कोणी विचारत नाही. आमच्या तपासणीच्या नमुन्यातसुद्धा सभा झाली का, कोरम होता का, ठरावाला क्रमांक आहे का, हेच रकाने होते. किती जणांनी विरोध केला हा रकाना नव्हता.

याच्या उलट टोकाला गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. सुमारे शंभर उंबऱ्यांचं हे गोंड गाव बहुमताने निर्णय घेत नाही. एकाचाही आक्षेप उरला तर विषय पुढच्या सभेवर जातो. निर्णयाची घाई नसलेला एक अभ्यास गट वेगळा बसतो, बाहेरच्या माहीतगारांना बोलावतो, कायदा समजून घेतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत गावाबरोबर घडवली. 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. अखेर 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क कागदावर मिळाल्यानंतरही त्याचा परवाना मिळवायला वेगळी झुंज द्यावी लागते, हे त्या दोन वर्षांनी मला शिकवलं.

मेंढ्याचं नाव भाषणांत फार सहज घेतलं जातं आणि पुढच्याच वाक्यात इतर गावांना त्यावरून झापलं जातं. पाच हजार वस्तीच्या, चार जातींच्या आळ्यांत विभागलेल्या, ऊस आणि सहकारी सोसायटीच्या राजकारणावर चालणाऱ्या गावात शेवटच्या आक्षेपापर्यंत थांबायचं म्हटलं तर आक्षेप घेण्याची ताकद ज्याच्यात सर्वांत जास्त तोच सगळ्यांना थांबवून धरील. सर्वसहमतीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ती सगळीकडे न्यायाची होईल याची मला खात्री देता येत नाही. मेंढ्यातून एक गोष्ट मात्र कोणतंही गाव उचलू शकतं : अभ्यास आणि निर्णय यांच्या बैठका वेगळ्या ठेवणं. महिला सभेचा खरा उपयोग तोच व्हायला हवा होता.

नेतृत्वाबद्दल लिहा, असंही संपादक म्हणाले होते. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, यावर आपण फार शक्ती घालवली. 2017 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. प्रत्येक वेळी सरकार वेगळं होतं, गावाचं मत कोणी विचारलं नव्हतं. माझ्या अनुभवात गावाला पुढे नेणारी माणसं बऱ्याचदा खुर्चीवर नसतात. सभा सुरू होताना 'मागील सभेचं प्रोसिडिंग वाचून कायम करणे' हा पहिला विषय येतो आणि अध्यक्ष म्हणतात, वाचलं असं समजू. तेव्हा जी बाई म्हणते, नाही, वाचा, ती माझ्या लेखी पुढारी आहे. तेवढं म्हणायला लागणारं धैर्य भाषणाला लागत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने 'सभासार' नावाचं साधन आणलं. सभेच्या ध्वनिमुद्रणावरून, चित्रणावरून संगणक प्रोसिडिंग तयार करून देतो. मला त्याचं स्वागत करावंसं वाटतं. निदान काय बोललं गेलं ते नंतर बदलणं अवघड होईल. पण यंत्राला ऐकू येईल ते माइकपाशी बोललेलंच. माइक कोणाच्या हातात असतो, पदर सावरत मागे बसलेल्या बायकांपर्यंत तो जातो का, हे सभेतच ठरतं.

आणि शहरांतल्या वाचकांना आदरपूर्वक विचारते : तुमची अशी सभा कुठे आहे? 2009 साली महाराष्ट्राच्या नगरपालिका कायद्यांत क्षेत्र सभेची तरतूद झाली, ती कागदावरच राहिली. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतात, ते चांगलंच आहे. पण सुचवणं वेगळं आणि हिशेब मागणं वेगळं. गावातल्या निरक्षर बाईला जो हक्क आहे तो मुंबईतल्या सनदी लेखापालाला त्याच्या वॉर्डात नाही.

प्रशिक्षणात मी आता कायदा शेवटी घेते. आधी बायकांना खऱ्या प्रोसिडिंगची पानं वाचायला देते, गावाची नावं झाकून. ठरावाची वाक्यं त्या स्वतः लिहितात. विरोध कसा लिहायचा, नावानिशी कसा नोंदवायला लावायचा, नक्कल कशी मागायची, पोच कशी घ्यायची. मागे एका वर्गात एकीने विचारलं, "ताई, विरोध माझ्या नावानं लिवला आन् दुसऱ्या दिवशी रोजगार हमीच्या यादीतनं माझं नाव गेलं तर?" या प्रश्नावर माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं : तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे करता येते. ते मी दिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ते तिला पुरणार नाही. मलाही पुरत नव्हतं. उत्तर वर्गातूनच निघालं. मुख्य सभेत एकेकटीने उभं राहायचंच कशाला, असं दुसरी म्हणाली. विरोध महिला सभेच्या ठरावातच घालू. सगळ्यांच्या सह्या त्याच्याखाली, आणि सही ठराव लिहून, वाचून दाखवल्यावरच. मग तो नाकारायचा असेल तर कारण त्यांनी लिहावं. बायकांनी तिथेच मसुदा केला, दोन प्रतींत, एक प्रत ग्रामपंचायतीच्या पोचेसाठी.