गुडघा पळण्यानं जातो का?

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझी सोमवारची ओपीडी ओळखू येते. एरवी गुडघे धरून बसलेल्या आज्या असतात. हंगामात त्यांच्या शेजारी विशीतली पोरं बसतात, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय लांब केलेला. आज्या त्यांना विचारतात, "काय झालं रं बाळा?" आणि मग नंबर येईपर्यंत कालच्या मॅचचं पूर्ण वर्णन सगळ्या वेटिंग रूमला ऐकायला मिळतं.

त्या फेब्रुवारीतल्या सोमवारी असाच एक जण आला. वय एकोणीस, शहरातल्या एका तालमीच्या संघात विंगला खेळणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत मोठा भाऊ आणि तालमीतले एक ज्येष्ठ, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात. पोरगं गप्प होतं. बोलत होते ते आण्णाच.

"डॉक्टर, ह्याला सांगून सांगून दमलो. बॉल आला की पास दे. पण न्हाई. दोघांना कट मारल्याशिवाय ह्याचं मन भरत न्हाई. जो पळतो त्यालाच लागतंय. नेमारचं बघा की."

नेमारचं उदाहरण काही चुकीचं नव्हतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं, तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मी पोराला विचारलं, "तुला कुणी पाडलं?"

"न्हाई. बॉल घेऊन चाललो होतो. आत वळायला पाय टाकला आणि गुडघ्यात कट्ट झालं. कुणी जवळबी नव्हतं."

"सूज कधी आली?"

"घरी जाईपर्यंत टम्म."

एवढ्या दोन उत्तरांवर माझं निदान जवळजवळ झालं होतं. पण आण्णांचा प्रश्न डोक्यात राहिला. जो पळतो त्यालाच लागतं, हे खरं आहे का?

हाच प्रश्न मला आधी एकदा वेगळ्याच खेळाबद्दल विचारला गेला होता. माझा भाचा न्यू जर्सीत वाढला आणि त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड आहे. त्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक डाव त्याच्या हातात चेंडू येऊन सुरू होतो. यांच्यात ढोबळमानानं दोन जाती. एक आपल्या गड्यांच्या कड्यामागे उभा राहून लांब चेंडू फेकणारा, आणि दुसरा फट दिसली की स्वतःच चेंडू घेऊन धूम ठोकणारा. दुसऱ्याला बघायला मजा येते. आपल्या भाषेत सांगायचं तर तो चढाईला गेलेला कबड्डीतला गडीच, फक्त पकड करणारे शंभर-सव्वाशे किलोचे आणि धावत येऊन आदळणारे. भाच्याचं म्हणणं होतं, "मामा, पळणारा क्वार्टरबॅक टिकत नाही. तुम्ही डॉक्टर आहात, सांगा बरं."

मी तेव्हा हो म्हणालो होतो. मग त्यानंच पाठवलेले व्हिडिओ बघत गेलो आणि माझं मत डळमळलं.

टॉम ब्रेडी हा उभं राहून फेकणाऱ्यांमधला सगळ्यांत नावाजलेला. ७ सप्टेंबर २००८ ला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तो चेंडू फेकत होता. डावा पाय पुढे रोवलेला, अंगाचा सगळा भार त्यावर. खाली पडलेल्या एका खेळाडूनं तशीच झेप घेतली आणि त्याच्या गुडघ्यावर आदळला. दोन लिगामेंट गेली, अख्खं वर्ष गेलं. २०२० साली जो बरोचा गुडघाही चेंडू फेकतानाच गेला. पळून नव्हे, उभं राहून. पळणाऱ्याला निदान समोरून येणारा दिसतो. तो अंग चोरू शकतो, बाजूला होऊ शकतो, आणि पाय पुढे करून घसरत खाली बसला की त्या खेळात डाव तिथेच संपतो. नियमानं त्याला मारता येत नाही. उभं राहून लांब बघणाऱ्याला हे काहीच मिळत नाही. पळणाऱ्याला मार जास्त वेळा बसतो, हे मात्र नाकारता येणार नाही.

आता आपल्या फुटबॉलकडे. गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना आतून बांधून ठेवणारा एक दोर असतो, त्याला आम्ही एसीएल म्हणतो. लांबी तीन-साडेतीन सेंटीमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. एसीएल फाटण्याच्या साधारण ७० टक्के घटनांत गुडघ्यावर कुणाचा थेट आघात झालेलाच नसतो. आमच्या पोराच्या शब्दांत, कुणी जवळबी नव्हतं.

मग होतं काय? वेगात पळणारा माणूस दिशा बदलायला एक पाय रोवतो. तो पाय शरीरापासून लांब पडला, टाच आधी टेकली, गुडघा जवळजवळ सरळ राहिला आणि आतल्या बाजूला झुकला, तर तो सगळा पीळ या करंगळीएवढ्या दोरावर येतो. व्हिडिओचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलंय की पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत लिगामेंट गेलेलं असतं. एवढ्या वेळात मेंदूला काही कळून त्यानं स्नायूंना हुकूम सोडणं शक्यच नाही. मांडीचे मागचे स्नायू पाय टेकायच्या आधीच ताठ झालेले असतील तरच गुडघा वाचतो. ते सवयीनं होतं, आणि सवय सरावानं लागते.

आण्णांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना पटली नाही. युरोपातल्या व्यावसायिक सामन्यांतले एसीएल फाटल्याचे व्हिडिओ तपासले तेव्हा सगळ्यांत जास्त वेळा सापडलेला प्रसंग चेंडू घेऊन पळणाऱ्याचा नव्हताच. तो होता त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्याचा. चेंडूवाला हुलकावणी देतो, त्याला माहीत असतं आपण कुठे वळणार. अडवणाऱ्याला माहीत नसतं. तो भरधाव येतो, ऐनवेळी ब्रेक लावतो, आणि तिथे पाय अडकतो.

"म्हणजे ह्यानं कट मारला तर समोरच्याचा गुडघा जाणार?" आण्णा म्हणाले. पोरगं त्या सकाळी पहिल्यांदा हसलं.

चेंडू घेऊन पळणाऱ्याला वेगळा मार असतो, तोही खरा. घोट्यावर लाथा, नडगीवर बुटाचे स्टड, पोटरीचे गोळे. यातलं बरंचसं दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. पण इथेच एक मोठी फसगत आहे. घोटा पूर्ण बरा नसताना पोरगं खेळायला उतरतं, दुखरा पाय वाचवत पळतं, सगळा जोर दुसऱ्या पायावर टाकतं. आमच्या पोराच्या उजव्या घोट्याला पंधरा दिवसांपूर्वी मुरगळ होती. गुडघा गेला तो डावा. या एका पोरावरून मी सिद्धांत मांडणार नाही, पण हे मी इतक्या वेळा पाहिलंय की दुसऱ्या पायाची चौकशी केल्याशिवाय आता मी पुढे जात नाही.

इथे मला माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. एका संघाचे चार लोक एका फॉरवर्डला घेऊन आले. तीन आठवड्यांपूर्वी गुडघा मुरगळलेला, सूज उतरलेली, चालताना दुखत नव्हतं. तपासताना गुडघा मला जरा ढिला लागला. दोन दिवसांवर मोठी मॅच होती. "डॉक्टर, कायतरी इंजेक्शन मारा आणि उभा करा. एक मॅच फक्त." तो स्वतःही हात जोडत होता. कॉलेजात मीही थोडाफार खेळलेलो, त्याच्या डोळ्यांतलं मला कळत होतं. शिवाय नवीन डॉक्टरला नाव हवं असतं, हेही लपवत नाही. मी दुखणं बधिर करणारं इंजेक्शन दिलं, पट्टा बांधला.

साठाव्या मिनिटाला तो खाली बसला तो उठलाच नाही. दोर तर फाटलाच, पण गुडघ्यातली गादी, मेनिस्कस, फाटून दुमडली आणि सांध्यात अडकली. दुखणं ही शरीराची शिट्टी असते. ती मीच बंद केली होती. त्या वेळी गादीचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. आज तो चाळिशीच्या आत आहे आणि त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे साठीच्या माणसासारखा दिसतो. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून नमस्कार करतो. त्यानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून भाच्यानं पाठवलेल्या व्हिडिओंपैकी एक मी पुन्हा पुन्हा पाहिला. रॉबर्ट ग्रिफिन, वॉशिंग्टनच्या संघाचा पळणारा क्वार्टरबॅक. २०१२ च्या पहिल्याच हंगामात तो चेंडू घेऊन ८१५ यार्ड पळाला. ९ डिसेंबरला पळताना मार बसला आणि उजव्या गुडघ्याचं बाहेरचं लिगामेंट ताणलं गेलं. एक सामना बसला, मग ब्रेस लावून परत आला. ६ जानेवारी २०१३ च्या बाद फेरीत सुरुवातीलाच तोच गुडघा पुन्हा दुखावला. तो लंगडतोय हे टीव्हीवर कुणालाही दिसत होतं. तरी खेळत राहिला. शेवटच्या सत्रात एक चेंडू खाली आला, तो घ्यायला वळला, वाकला आणि गुडघा जागेवर मोडला. त्या क्षणी त्याला कुणी हातही लावला नव्हता. दोन लिगामेंट गेली, त्यातल्या एकाचं २००९ मध्ये ऑपरेशन झालेलंच होतं. आठ महिन्यांनी तो मैदानात परतला, पण पहिल्या वर्षीचा ग्रिफिन पुन्हा दिसला नाही.

भाचा म्हणतो तो पळण्यामुळे संपला. मला त्या व्हिडिओत माझी ओपीडी दिसते. त्याला बाहेर काढायचा धीर कुणाला झाला नाही, कारण सगळा संघ त्या एका पायावर उभा होता.

तर आमचं पोरगं. टेबलावर झोपवून मी एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी हलकेच पुढे ओढली. निरोगी गुडघ्यात ती ठाम थांबते. इथे ती सरकत गेली. एमआरआयनं तेच सांगितलं: एसीएल पूर्ण फाटलेलं, पण गादी शाबूत. ही गादी शाबूत असणं म्हणजे मोठी लॉटरी होती, आणि ते मी तिघांनाही तीनदा सांगितलं.

रविवारीच रात्री एकानं त्याला तेल लावून रगडून दिलं होतं. खेळताना गुडघ्यात आवाज झाला आणि काही तासांत सूज आली, तर आत रक्त उतरलेलं असण्याची दाट शक्यता असते. अशा गुडघ्याला मालीश नको, गरम शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पाय उंच ठेवा, भार देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे या. आठवड्यात सूज उतरते, चालता येतं आणि सगळ्यांना वाटतं बरा झाला. तिथेच गादी फाटायची वेळ येते.

"फायनल दहा दिवसांवर आहे," भाऊ म्हणाला. "पट्टा बांधून शेवटची वीस मिनिटं?"

"नाही."

"त्याची भरतीची तयारी चाललीय. खेळाडूंच्या ५ टक्क्यांतून नोकरी लागली तर घर उभं राहील. फायनल खेळला तर नाव होतंय."

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. गुडघा वाचवा म्हणणं मला सोपं आहे, माझा पगार त्याच्या पायावर नाही. मी फक्त त्या जुन्या फॉरवर्डची गोष्ट सांगितली, इंजेक्शन कुणी दिलं होतं तेही. आण्णांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना तो माणूस कोण ते कळलं असावं. आमचं गाव तेवढंच आहे.

ऑपरेशन झालं. त्यानंतर नऊ महिने मैदान नाही, हे मी कागदावर लिहून दिलं, कारण त्याआधी परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका स्पष्टपणे जास्त असतो. नऊ महिने झाले म्हणूनही परवानगी नाही. दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरची उडी जवळजवळ सारखी व्हायला हवी. फायनल त्यानं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत कुबड्या मांडीवर ठेवून बघितली. खाली हलगी वाजत होती आणि हा मान खाली घालून बसला होता, असं भावानं सांगितलं.

पळू नको, असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. कट मारणाऱ्या पोरावर कट न मारण्याची सक्ती केली तर तो बिचकत खेळतो. त्याला थांबायला शिकवायचं: लहान पावलं, गुडघा वाकलेला, बोटांच्या रेषेत, आत न झुकणारा. फिफाच्या डॉक्टरांनी बनवलेला ११+ नावाचा वॉर्म-अप आहे, वीस मिनिटांचा. पळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल, उड्या आणि वळणं. आठवड्यातून दोनदा नेमानं केला तर दुखापती साधारण एक तृतीयांश तरी कमी होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पैसा लागत नाही. लागते ती शिस्त. जोर-बैठकांशिवाय मातीत न उतरणाऱ्या तालमींच्या गावात हे अवघड का जावं, मला कळत नाही. इथली पोरं मॅचआधी गोलवर चार किक मारतात आणि वॉर्म-अप झाला म्हणतात.

एप्रिलमध्ये आण्णांचा फोन आला. मला वाटलं पोराबद्दल असेल.

"डॉक्टर, ते तुमचं अकरा का काय ते. सगळ्या पोरांना सकाळी सहाला ग्राउंडवर बोलवतो. पण तुम्ही यायचं. माझं कोण ऐकत न्हाई."